वाचकांचे प्रश्न: क्लचला जाळीचा होज टाकू का?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की ब्रेकचे रबरी होज जुने झाले की वाकवून बघा आणि चिरा दिसल्या तर बदला, आणि जाता जाता एका ओळीत स्टीलच्या जाळीच्या, म्हणजे ब्रेडेड होजचं नाव घेतलं होतं. आता त्या एका ओळीवरच पत्रं आलीयत, आणि गंमत म्हणजे बहुतेकांना ब्रेकचं नाही तर क्लचचं विचारायचंय. म्हणून यावेळचं अख्खं पान हायड्रॉलिक क्लचच्या पाइपला दिलंय. ज्यांच्या गाडीला क्लचची केबल आहे त्यांनी पुढचं पान उलटलं तरी चालेल, तुमच्याकडे हा पाइपच नाहीये.

प्रश्न: माझी २००३ ची क्वालिस आहे. क्लच फार जड झालाय, पुण्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो की डावा गुडघा बोलायला लागतो. गॅरेजवाला म्हणतो क्लचचा पाइप काढून ब्रेडेड टाकू, पेडल एकदम हलकं होईल. टाकू का? – एक वाचक, सातारा

नका टाकू, म्हणजे त्या कारणासाठी तरी नका टाकू. पाइप बदलून पेडल हलकं होत नाही, झालं असं वाटलं तर एक तर पाइपात अडकलेली एअर निघाल्यामुळे वाटतं किंवा खिशातून पैसे गेलेत म्हणून वाटतं.

कसं ते सांगतो. तुम्ही पेडल दाबता, मास्टर सिलेंडर ऑइल ढकलतो, ते पाइपातून खाली गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलेंडरला जातं, स्लेव्ह फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो आणि बेअरिंग जाऊन प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची, म्हणजे ताटलीसारख्या स्प्रिंगची बोटं दाबतं. आता पायाला जोर किती लागणार हे ठरवणार कोण, तर ती डायफ्राम स्प्रिंग, पेडलच्या दांडीचं लिव्हरेज आणि मास्टर-स्लेव्हचे बोअर, म्हणजे आतले व्यास. ह्यात होज कुठंच येत नाही, तो फक्त ऑइल इकडून तिकडे नेतो.

आकडे लावून बघू, हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे निघतील. समजा मास्टरचा बोअर ५/८ इंच म्हणजे १५.८७ मिमी आणि स्लेव्हचा १३/१६ इंच म्हणजे २०.६४ मिमी. पायाने १२ किलो जोर लावला आणि दांडीने तो सहापट केला तर मास्टरच्या पिस्टनवर ७२ किलो आले, पिस्टनचं क्षेत्रफळ जवळजवळ २ चौरस सेंमी, म्हणजे पाइपात साधारण ३६ बार, पीएसआयमध्ये ५२० च्या आसपास. मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकला की ५.९ सीसी ऑइल खाली जातं आणि स्लेव्ह १७.७ मिमी बाहेर येतो. आता रबर फुगतं किती? अमेरिकेचा ब्रेक होजचा नियम आहे, एफएमव्हीएसएस १०६, त्यात १/८ इंची साधा होज १००० पीएसआयला एका फुटामागे ०.६६ सीसीपेक्षा जास्त फुगता कामा नये असं आहे. आपल्या क्लचमध्ये प्रेशर त्याच्या निम्मंच, म्हणजे ढोबळमानाने फुटाला ०.३ सीसी धरा. ०.३ सीसीने स्लेव्ह किती मागे राहिला तर ०.९ मिमी. १७.७ मधला एक मिलिमीटरसुद्धा नाही, आणि तेसुद्धा होज नियमाच्या कडेवर असला तर. तुमच्या गाडीत बहुतेक सगळी लोखंडी नळीच असते, रबर शेवटी थोडंसं, त्यामुळे चांगल्या रबरी होजच्या जागी जाळीचा टाकून जो फायदा होणार तो ह्या एका मिलिमीटरच्या आतला.

आणि अजून एक, फुगणारा होज पेडल जड नाही करत, मऊ करतो! पाय आत जातो पण क्लच नीट सुटत नाही, पहिला आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. तुमची तक्रार बरोबर उलटी आहे. जड क्लच म्हटलं की मी आधी प्लेट किती चालली ते विचारतो, कारण प्लेट झिजत जाते तशी डायफ्रामची बोटं बाहेरच्या बाजूला येतात आणि स्प्रिंग जास्त जड लागायला लागते. मग फोर्कचा पिव्हट कोरडा पडलाय का, रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती खडबडीत झालीय का, पेडलचा बुश सुकलाय का. बुश बघायला पाच मिनिटं लागतात, गाडीखाली जावं पण लागत नाही, तरी तो सगळ्यात शेवटी बघतात.

होजमुळे पेडल जड होतं असा एकच प्रकार आहे. जुन्या रबराचा आतला थर सुटून किंवा सुजून भोक बारीक होतं, मग ऑइल जाताना पण अडतं आणि येताना पण. त्याची खूण अशी की पाय उचलल्यावर पेडल किंवा क्लच सावकाश परत येतो, गाडी उशिरा पकडते. असं असेल तर होज बदलाच, पण नवीन साधा कंपनीचा होज टाका, तेवढ्यानेच काम होतं आणि क्वालिसचा तो मिळतो पण सहज.

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत जेसीबी आणि प्रेसचे हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत. ते लोक समोर क्रिंप करून, म्हणजे टोकाची फिटिंग होजवर दाबून बसवून देतात, प्रेशर पण ३०० बारच्या वरचं सांगतात. क्लचला तर ४० बार पण नसतं. मग महागडा रेसिंगवाला होज कशाला, तिथूनच बनवून घेतला तर? – एक वाचक, चिंचवड

हा ह्या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, कारण हिशेब अगदी बरोबर वाटतो. प्रेशरचा हिशेब बरोबरच आहे. चूक आहे ती आतल्या रबरात.

जेसीबीत, ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये, प्रेसमध्ये जे ऑइल असतं ते खनिज तेल. त्यासाठी होजच्या आतलं रबर नायट्राइल जातीचं असतं, ते खनिज तेलात वर्षानुवर्षं टिकतं. क्लचमध्ये आपण जे टाकतो ते ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४, नावात ऑइल असलं तरी ते ग्लायकॉल ईथर आहे, तेलाशी त्याचं काही नातं नाही. नायट्राइलला ते चालत नाही, रबर सुजतं, मऊ पडतं, आतून सुटायला लागतं. पहिले काही दिवस सगळं मस्त, क्लच झकास, तुम्ही चार मित्रांना दुकानाचा पत्ता पण देता, आणि मग ऑइल काळं दिसायला लागतं, रबराचे कण मास्टरच्या वाटीत, म्हणजे पिस्टनवरच्या रबरी सीलमध्ये जातात, आणि एक दिवस घाटात पेडल खाली बसतं ते वर येत नाही. मशिनला ३०० बार सहन करणारा होज ४० बारच्या क्लचमध्ये सडतो तो असा.

ब्रेक ऑइलला चालणाऱ्या गोष्टी दोन. एक ईपीडीएम रबर, कंपनीचा रबरी होज आतून त्याचाच असतो आणि सिलेंडरच्या वाट्या पण त्याच्याच. दुसरं पीटीएफई, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं तेच. चांगला ब्रेडेड होज म्हणजे आत पीटीएफईची नळी, वर स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आणि शक्यतो त्याच्यावर प्लास्टिकचं पारदर्शक किंवा रंगीत कव्हर. जाळीचं काम नळीला फुगू न देणं, बस. बाहेरून जाळी दिसली म्हणजे आत पीटीएफईच आहे असं नाही. पेट्रोलच्या लाइनसाठी येणारा होज पण बाहेरून असाच चकचकीत दिसतो आणि आत रबर असतं. त्यामुळे दुकानात गेलात की तुकडा कापून आत बघा. पीटीएफई असेल तर पांढरी किंवा दुधाळ (कधी काळी पण येते), कडक, गुळगुळीत नळी दिसते, नखाने दाबली तर दबत नाही. काळं आणि मऊ दिसलं तर तिथूनच परत फिरा.

त्याच एमआयडीसीत केमिकल आणि वाफेसाठी पीटीएफई होज बनवणारे पण असतात. त्यांच्याकडून करून घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांच्याकडचे साइज बहुतेक मोठे असतात आणि गाडीचे एंड, म्हणजे टोकाच्या फिटिंग, त्यांच्याकडे नसतात, मग लेथवर अडॅप्टर बनवणं आलं, आणि प्रत्येक अडॅप्टर म्हणजे गळायची एक जागा जास्त. मी तरी ज्याच्याकडे ब्रेकचे होज बनतात, जो प्रत्येक होज टेस्ट करून देतो त्याच्याकडेच जाईन. मघाशी म्हटलं त्या अमेरिकन नियमात १/८ इंची होजला ४००० पीएसआयवर २ मिनिटं धरून ठेवायची टेस्ट आहे, नंतर तो ७००० च्या आत फुटता कामा नये, आणि वेगळी एक टेस्ट आहे ज्यात होज सतत ३५ तास हलवत ठेवतात. क्लचला हा नियम लागू नाही, तो ब्रेकचा आहे, पण ज्या माणसाला ह्या टेस्ट माहीत आहेत त्याने क्रिंप केलेला एंड सुटायची भीती कमी.

प्रश्न: ब्रेडेड होजसोबत सिलिकॉनचं डॉट ५ टाकलं तर आयुष्यभर बदलायला नको असं ऐकलं. खरं का? – एक वाचक, जळगाव

नका टाकू. ते ग्लायकॉलवाल्या ऑइलमध्ये मिसळत नाही, जुनं सगळं धुवून काढल्याशिवाय टाकलं तर गाळ होतो, आणि त्यात हवेचे बारीक बुडबुडे धरून राहतात म्हणून एअर काढताना जीव जातो. बऱ्याच गाड्यांत तर ब्रेक आणि क्लचचा ऑइलचा डबा एकच असतो, म्हणजे तुम्ही क्लचसाठी जे ओतलं ते ब्रेकला गेलं. डॉट ४ टाका आणि दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की तीच हद्द १५५ वर येते. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की बदलावं असं माझं मत. (डॉट ५.१ नाव सारखं असलं तरी ग्लायकॉलचंच आहे, ते चालतं.)

प्रश्न: आम्ही कॉलेजच्या टीमसाठी फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) प्रकारातली गाडी बनवतोय. एएन ३ चा (रेसिंगच्या होज-फिटिंगचं एक अमेरिकन माप) होज मागवला आणि मास्टर सिलेंडर एका जुन्या हॅचबॅकचा आहे. फिटिंग आट्यात बसतंय पण हलतं वाटतंय. टेफ्लॉन टेप गुंडाळून टाइट केलं तर चालेल का सर? – एक विद्यार्थी, सांगली

टेप खाली ठेव आधी. एएन ३ चे आटे ३/८ इंच – २४ यूएनएफ असतात. तुमच्या मास्टरचे बहुतेक एम १० x १. आता गंमत बघ, ३/८ इंच म्हणजे ९.५२ मिमी, आणि इंचाला २४ आटे म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.०६ मिमी, त्यामुळे ते एम १० च्या भोकात सरळ जातं, फिरतं, आवळल्यासारखं पण वाटतं, पण अर्धा मिलिमीटर बारीक आहे. प्रेशर आलं की आटे सोलून बाहेर येणार. ब्रेकमध्ये असं झालं तर काय होईल ते तुला सांगायला नको.

दुसरं म्हणजे ह्या जोडात आटे ऑइल अडवतच नाहीत. ऑइल अडतं ते टोकाच्या शंकूवर, एएनमध्ये तो शंकू ३७ अंशाचा, गाड्यांच्या डबल फ्लेअरमध्ये (नळीचं टोक दुमडून पसरवलेलं) ४५ चा, आणि युरोपियन गाड्यांत बऱ्याचदा बबल फ्लेअर, म्हणजे टोकाला गोल फुगा. तिन्ही एकमेकांत बसत नाहीत, जोर लावून बसवले तर बसल्यासारखे दिसतात आणि कधीतरी गळतात. टेप लावून काही होत नाही, उलट टेपचा तुकडा आत जाऊन मास्टरचं बारीक भोक बंद करतो, मग तुम्ही दोन दिवस एअर काढत बसणार. एका बाजूला एम १० x १ आणि दुसऱ्या बाजूला एएन ३ असं तयार अडॅप्टर मिळतं, ते घ्या, घेताना मास्टरच्या आतली सीट कुठली आहे ते टॉर्च मारून बघा.

बँजो, म्हणजे पोकळ बोल्ट आरपार जाणारी गोल डोळ्याची फिटिंग असेल तर आयुष्य सोपं आहे, बोल्ट आणि दोन तांब्याचे वायसर, एक डोक्याखाली आणि एक बँजोच्या पलीकडे, दोन्ही नवे. जुना वायसर परत लावायची कंजुषी करू नका. हो आणि होज कापताना जाळीवर आधी घट्ट टेप मारा, टेपच्या मधोमध कट-ऑफ व्हीलने कापा, नाहीतर तारा फिसकटतात, बोटात घुसतात आणि एखादी तार ऑलिव्हच्या खाली अडकली की तो जोड कधीच बंद होत नाही. ऑलिव्ह म्हणजे ती पितळी रिंग, ती पीटीएफईच्या नळीवर, पण जाळीच्या आतून बसली पाहिजे, नवशिके ती जाळीवरून चढवतात.

प्रश्न: जुन्या जीपला लिंकेजचा क्लच होता, गिअरबॉक्स बदलताना हायड्रॉलिक करतोय. मास्टर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), स्लेव्ह बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या तोंडाचं क्लचवरचं कवच). तयार पाइप कुठलाच बसत नाही, म्हणून ब्रेडेड बनवून घेतोय. लांबी किती ठेवू, कुठून नेऊ? – एक वाचक, कोल्हापूर

बघा, हे ब्रेडेड होजचं खरं काम. जिथे कंपनीचा पाइपच नाही तिथे तो बनवून घेण्यात अर्थ आहे. (गिअरबॉक्सचं काम करताना आरटीओत काय नोंद लागते ते आधी विचारून घ्या, नंतर पासिंगच्या वेळी वाद नको.)

लांबी टेपने मोजू नका. जाड वायर किंवा दोरी घ्या, दोन्ही फिटिंग तोंडाला धरून ज्या वाटेने होज जाणार त्या वाटेने ती सोडा, मग इंजिनला हलवून बघा, जीपचं इंजिन माउंटिंगवर चांगलंच डुलतं, पहिल्या गिअरमध्ये चढावर सोडलं की किती तिरकं होतं ते कुणाला तरी बॉनेट उघडून बघायला सांगा. त्या हालचालीला पुरेल एवढा ढील पाहिजे. मग होज बनवून घेताना दोन्ही एंड कुठल्या कोनात बघतायत ते पण सांगा, सरळ की ९० अंश, कारण होज पिळून फिट केला की तो पीळ कायम एंडवर ताण देतो. पीटीएफईला एक वाईट खोड आहे, एकदा चिमटला, म्हणजे घडी पडली की ती घडी जात नाही, रबरासारखा तो सावरत नाही. दोन इंचापेक्षा लहान त्रिज्येत वळवू नका, जागा नसेल तर ९० चा एंड लावा.

सायलेन्सरपासून लांब न्या, जमत नसेल तर मध्ये पत्र्याची शील्ड लावा. पीटीएफई स्वतः २०० अंशांच्या वर सहन करते पण आतलं ऑइल आणि स्लेव्हचं रबर नाही करत, आणि क्लचमध्ये ऑइल फिरत नाही, तेच थोडंसं पुढे-मागे होत राहतं, त्यामुळे तापलं की तापतच राहतं.

आणि घासणं! उघडी स्टीलची जाळी कानशीसारखं काम करते. चेसिसला टेकली तर रंग खाते, वायरिंगला टेकली तर वायरचं कव्हर खाते, लोखंडी नळीला टेकली तर काही महिन्यांत नळी कापते. म्हणून कव्हरवालाच होज घ्या, फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट, आणि चेसिसवर रबर असलेल्या पी-क्लिप. झिप टायने इंजिनच्या कुठल्यातरी ब्रॅकेटला बांधून सोडून देऊ नका, अर्ध्या गाड्यांत हेच बघायला मिळतं. होज शक्यतो मास्टरपासून खाली उतरत उतरतच गेला पाहिजे, मध्ये उंचवटा आला की तिथे एअर अडकते, आणि त्यावरच पुढचा प्रश्न आहे.

प्रश्न: ब्रेडेड पाइप टाकला आणि आता पेडल जमिनीलाच चिकटतं. मेकॅनिकने अर्धा दिवस पंप मारून एअर काढली, बाटली संपली, तरी गिअर पडत नाही. पाइप खराब निघाला का? – एक वाचक, नाशिक

गळत नसेल तर पाइप बहुतेक ठीक आहे ताई, एअरच आहे. ब्रेकमध्ये चार ठिकाणी काढली तरी जी जमते ती एअर क्लचमध्ये छळते, कारण एका पेडलला ऑइल सरकतं पाच-सहा सीसी आणि पाइपात जर एखादा बुडबुडा वरच्या वळणात बसला असेल तर पेडल दाबलं की तो थोडा खाली येतो, सोडलं की परत वर जातो, स्लेव्हवरच्या एअर काढायच्या निप्पलपर्यंत पोचतच नाही.

पंप मारणं बंद करा. निप्पल उघडून त्याला पारदर्शक नळी लावा, डब्यात ऑइल भरलेलं ठेवा आणि नुसतं खाली वाहू द्या, दहा-पंधरा मिनिटं, डबा रिकामा होऊ देऊ नका. त्याने नाही झालं तर उलटं करा: स्वच्छ मोठी सिरिंज घ्या, त्यात नवीन डॉट ४, बुडबुडे काढून निप्पलला लावा आणि खालून वर हळू ढकला, हवा आपसूक वर जाते. वरचा डबा आधी अर्धा रिकामा करून घ्या, नाहीतर ऑइल सांडून रंग जाईल, सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

तरी राहिली तर स्लेव्ह दोन बोल्ट काढून सोडवा, पाइप लावलेलाच राहू दे, निप्पल सगळ्यात वर येईल असा धरा, पिस्टन हाताने पूर्ण आत दाबा आणि धरून ठेवून एअर काढा. ह्या वेळेला पेडलवर कुणी पाय ठेवायचा नाही, नाहीतर पिस्टन उडून बाहेर येतो आणि काम दुप्पट होतं. तुमच्या गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असेल, बेअरिंगसोबत गोल असतो तो, तर हे जमणार नाही, तिथे सिरिंजच. आणि तिथे एअर असताना पेडल जोरजोरात मारू नका, त्याचं सील त्यासाठी बनलेलं नाही, आणि ते गेलं की गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

हे सगळं करूनही पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे थेंब नसेल तर मास्टरची वाटी गेलीय. जुन्या मास्टरमध्ये रोजच्या वापराच्या पट्ट्यापुढे गंज आणि घाण साचलेली असते, एअर काढायला पेडल पूर्ण खाली मारलं की वाटी त्या खरखरीत भागावरून जाते आणि फाटते. पाइप बदलल्यावर मास्टर गेला असं लोक म्हणतात त्यातलं बरंचसं हे असतं.

प्रश्न: मी मेलबर्नला असतो, जुनी माझदा एमएक्स-५ घेतलीय, पहिल्या पिढीची. इथे एका तुकड्यातला ब्रेडेड क्लच होज मिळतो, मास्टरपासून थेट स्लेव्हपर्यंत, मधली लोखंडी नळी काढून टाकायची. करावं का? – एक वाचक, मेलबर्न

तुमच्या बाबतीत मी हो म्हणेन. तीस वर्षांपलीकडची गाडी आहे, लोखंडी नळीचा नट आणि रबरी होज जिथे जोडलेत तिथे गंज असणार, साध्या पान्याने नट गोल होतो (फ्लेअर नटचा पाना वापरा, आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा). एक तुकडा टाकला की मधला जोड गेला, आणि ती नळी वळणं घेत जाते त्या वळणांत अडकणारी एअर पण गेली. शिवाय पीटीएफईतून ओलावा रबरापेक्षा कमी आत येतो. पेडलमध्ये थोडा नेमकेपणा जाणवेल, कारण होज जुना होता, जाळीची जादू म्हणून नाही. एक लक्षात ठेवा, पाइप बदलताना स्लेव्हचा रबरी बूट उचलून बघा, आत ओल असेल तर स्लेव्ह पण त्याच वेळी बदला. नवीन पाइपातून नवीन ऑइल जुन्या गळक्या स्लेव्हला दिलं की महिन्याभरात परत तेच काम.

प्रश्न: माझ्या जर्मन हॅचबॅकमध्ये क्लचचा पाइप प्लास्टिकचा आहे आणि क्लिपच्या जोडापाशी ओलं दिसतं. प्लास्टिक बघूनच भीती वाटते. ब्रेडेड करून घेऊ? ऑइल ब्रेकच्या डब्यातूनच जातं, ब्रेक पण जातील का? – एक वाचक, ठाणे

प्लास्टिकला घाबरू नका, ते नायलॉन आहे, त्या कामासाठीच बनवलंय आणि फुगत पण फारसं नाही. गळतोय तो बहुतेक क्लिपजवळचा ओ-रिंग, तो वेगळा मिळाला तर तेवढाच टाका, नाहीतर कंपनीचा पूर्ण पाइप. ब्रेडेड करायचा तर दोन्ही टोकांना क्लिपवाले अडॅप्टर लागतात, आणि कंपनीच्या पाइपात बऱ्याचदा मध्ये एक डबी असते, ती इंजिनची थरथर पेडलपर्यंत येऊ देत नाही. ती काढली की ठरावीक आरपीएमला पायाखाली झिणझिण येते, मग लोक म्हणतात रेसिंग फील आला. वॉरंटी चालू असेल तर विचारच करू नका, क्लचचा क्लेम त्याच पाइपावर बोट ठेवून नाकारतील.

ब्रेकचं म्हणाल तर अशा डब्यात क्लचची नळी बहुतेक वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लच गळून गळून ऑइल तिथपर्यंत उतरलं की क्लच बंद पडतो पण ब्रेकच्या वाट्याचं खाली शिल्लक राहतं. म्हणून डब्यातली लेव्हल खाली आली, लाल दिवा लागला आणि पॅड झिजलेले नाहीत, तर चाकांपाशी शोधायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाजवळचं कार्पेट उचलून हात लावून बघा. मास्टर आतल्या बाजूला गळतो तेव्हा पेडलच्या दांडीवरून ऑइल तिथेच उतरतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.